बाजारातील चित्र आणि देव्हाऱ्यातील चित्र

वकिलाच्या दाराशी येणारा मनुष्य तक्रार घेऊन येतो आणि पुष्कळदा प्रश्न मागे ठेवून जातो. तक्रारीचे उत्तर कायद्याच्या पुस्तकात सापडते; प्रश्नाचे सापडेलच असे नाही. काही महिन्यांपूर्वी गोव्यातील एका देवस्थानचे दोन महाजन आमच्याकडे आले. एकाच्या हातात कागदात गुंडाळलेला एक टी-शर्ट होता. किनाऱ्यावरील बाजारात परदेशी प्रवाशांसाठी विकायला ठेवलेल्या त्या वस्त्रावर त्यांच्या देवतेचे, पालखीत विराजमान झालेले रूप भडक गुलाबी व हिरव्या रंगांत चार वेळा छापलेले होते. विक्रेत्याला कडक नोटीस द्यावी, एवढीच त्यांची इच्छा होती. "हे अमेरिकेतले फॅड आहे, वकीलसाहेब," त्यांपैकी वडीलधारे गृहस्थ म्हणाले, "पण त्यांच्या फॅडासाठी आमचा देव कशाला?"

प्रश्न सरळ होता आणि राग प्रामाणिक होता. नोटिशीचा मसुदा करण्यापूर्वी हे फॅड म्हणजे काय, ते कोठून आले आणि त्याच्या मुळाशी कोणता विचार आहे, हे पाहून घ्यावे असे आम्हांस वाटले. त्या वाचनातून जे हाती आले ते वाचकांपुढे ठेवण्याचा येथे विचार आहे. वाचकांपैकी अनेकांच्या घरी देव्हारा आहे, आणि बाजाराशी संबंध तर आपणां सर्वांचाच येतो.

ज्याला पॉप आर्ट म्हणतात त्या कलेचा उगम लंडनमध्ये १९५० नंतरच्या दशकात झाला आणि तिला भर आला तो न्यूयॉर्कमध्ये १९६० नंतर. महायुद्धातून बाहेर पडलेल्या जगात माल उदंड झाला होता आणि मालाबरोबर त्याची चित्रेही. साबणाच्या वेष्टनावर, मासिकाच्या पानावर, सिनेमाच्या भित्तिपत्रकावर दिवसभर जी चित्रे डोळ्यांवर आदळत, त्यांना चित्रकाराच्या दालनात मात्र प्रवेश नव्हता. रिचर्ड हॅमिल्टन या इंग्रज चित्रकाराने १९५७ साली एका पत्रात या नव्या कलेची लक्षणे मांडली: ती लोकप्रिय असावी, क्षणभंगुर असावी, स्वस्त असावी, ढिगाने निर्माण होणारी असावी. परंपरेने कलाकृतीला जी जी विशेषणे लावली होती, त्या सर्वांच्या नेमकी उलट अशी ही यादी होती.

अँडी वॉरहॉल याने १९६२ साली लॉस एंजेलिसच्या फेरस गॅलरीत कॅम्पबेल कंपनीच्या सूपच्या डब्यांची ३२ चित्रे मांडली. प्रत्येक चित्रात एकेका चवीचा डबा, बाकी सारे सारखे. पुढे १९६४ च्या वसंतात न्यूयॉर्कच्या स्टेबल गॅलरीत त्याने ब्रिलो नावाच्या भांडी घासण्याच्या साबणी चोथ्याची खोकी रचून ठेवली. ती पुठ्ठ्याची नव्हती, प्लायवुडची होती, आणि त्यांवरील अक्षरे जाळीच्या छपाईने उमटवलेली होती; पण चार पावलांवरून पाहणाऱ्याला वाण्याच्या वखारीतील खोके कोणते आणि कलाकाराचे कोणते हे ओळखता येणे कठीण. दुसऱ्याच वर्षी, १९६५ मध्ये, ही खोकी टोरोंटोतील प्रदर्शनासाठी निघाली तेव्हा कॅनडाच्या जकात खात्याने ती शिल्पे मानण्यास नकार दिला आणि व्यापारी माल म्हणून त्यांवर कर मागितला. त्या देशाच्या राष्ट्रीय कलादालनाच्या संचालकांनीही जकात खात्याच्याच बाजूने मत दिले.

जकात अधिकाऱ्याला हसणे सोपे आहे. वस्तुतः त्याने जो प्रश्न विचारला तोच त्या प्रदर्शनात आर्थर डांटो या तत्त्वज्ञालाही पडला होता. दोन वस्तू डोळ्यांना अगदी सारख्या दिसत असतील आणि त्यांतील एक कलाकृती असेल व दुसरी नसेल, तर फरक कोठे आहे? तो वस्तूत नाही, कारण वस्तू सारख्याच आहेत. डांटोचे उत्तर असे की, फरक डोळ्यांना दिसणाऱ्या गुणांत नसून त्या वस्तूभोवती असलेल्या विचारांच्या व इतिहासाच्या वातावरणात आहे. या एका प्रश्नावर त्याने १९६४ साली निबंध लिहिला आणि पुढचे आयुष्यभर तो त्यावर विचार करीत राहिला.

पाश्चात्त्य तत्त्वज्ञाला नवा वाटलेला हा प्रश्न आमच्या वाचकांना मात्र जुनाच वाटेल. पाथरवटाच्या अंगणात एकाच शिळेतून घडवलेल्या दोन मूर्ती उभ्या असतात. एक विकली जाऊन दिवाणखान्यात जाते. दुसरीची प्राणप्रतिष्ठा होऊन ती गाभाऱ्यात बसते. दगड तोच, छिन्नी तीच, मुखावरील भावही तोच. तरीही पहिलीवर धूळ बसली तर ती पुसली जाते आणि दुसरीला पहाटे उठवून स्नान घातले जाते. ब्रिटिश न्यायाधीशांनादेखील हा भेद मान्य करावा लागला. प्रमथनाथ मल्लिक विरुद्ध प्रद्युम्नकुमार मल्लिक या १९२५ सालच्या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने स्पष्ट सांगितले की, कुलदेवतेची मूर्ती ही कोणी कोठेही उचलून न्यावी अशी जंगम चीज नव्हे. ती कायद्याच्या दृष्टीने व्यक्ती आहे, आणि तिला कोठे ठेवावे याविषयी तिचीही इच्छा विचारात घेतली पाहिजे. ती इच्छा न्यायालयापुढे मांडण्यासाठी तिला निःस्वार्थ प्रतिनिधी हवा. लंडनमध्ये बसलेल्या न्यायमूर्तींनी देवाची इच्छा विचारण्याची व्यवस्था करावी, हे दृश्य आम्हांस नेहमीच विलक्षण वाटत आले आहे.

मूर्तीचे हे झाले; चित्राचे काय? चित्राला प्राणप्रतिष्ठा नसते, निदान बाजारात छापलेल्या चित्राला नसते. आणि येथे आपण आपलाच इतिहास आठवला पाहिजे. राजा रविवर्मा यांनी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांसाठी पुराणप्रसंगांची चित्रे काढली आणि १८९४ साली मुंबईत शिळाछापाचा कारखाना काढला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवली येथे गेला. ज्यांना मंदिराच्या पायरीवरही उभे राहू दिले जात नव्हते अशांच्या झोपडीत लक्ष्मी व सरस्वती पोहोचल्या त्या या छापखान्यामुळे, हे त्याचे मोठे पुण्य. पण त्याच वाटेने देव आगपेटीवर, कापडाच्या गाठीवरील चिठ्ठीवर आणि उदबत्तीच्या पुड्यावरही पोहोचला. ढिगाने निर्माण होणारे, स्वस्त, क्षणभंगुर चित्र: हॅमिल्टनने जी लक्षणे १९५७ साली लिहिली ती आमच्या देवांच्या चित्रांना साठ वर्षे आधीच लागू झाली होती. बडोद्यास स्थायिक झालेले भूपेन खख्खर यांनी १९६५ च्या सुमारास हीच बाजारी देवचित्रे कापून आपल्या चित्रफलकांवर चिकटवली, तेव्हा त्यांना परक्या देशाची नक्कल करण्याची फारशी गरज नव्हती. सामग्री गल्लीच्या तोंडाशीच टांगलेली होती.

आता या कलेच्या शेजारी त्याच दशकात उभी राहिलेली दुसरी चळवळ पाहू. अमेरिकेतील पुष्कळ तरुणांना व्हिएतनामचे युद्ध, सक्तीची लष्करभरती, वर्णभेद आणि बापजाद्यांची खरेदीविक्रीवर आधारलेली सुखवस्तू राहणी या सर्वांचाच वीट आला होता. थिओडोर रोझॅकने १९६९ साली या वृत्तीला जे नाव लोकप्रिय केले त्याचे मराठीत प्रतिसंस्कृती असे भाषांतर करतात. १४ जानेवारी १९६७ रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट उद्यानात या तरुणांचा मोठा मेळावा भरला. त्याच्या एका भित्तिपत्रकावर जटाधारी भारतीय साधू होता. त्याच वर्षी बीटल्स या इंग्रज गायकमंडळींच्या 'सार्जंट पेपर' या ध्वनिमुद्रिकेचे वेष्टन पीटर ब्लेक व जॅन हॉवर्थ या पॉप कलावंत दांपत्याने तयार केले. त्यावरील गर्दीत परमहंस योगानंद, त्यांचे गुरू श्रीयुक्तेश्वर व लाहिरी महाशय आहेत, आणि पुढच्या बाजूला लक्ष्मीची एक लहान बाहुली आहे. महात्मा गांधींचेही चित्र होते. पण हिंदुस्थानात त्याने लोक दुखावतील या भीतीने कंपनीने ते काढायला लावले. त्याच वर्षाच्या अखेरीस जिमी हेंड्रिक्सच्या ध्वनिमुद्रिकेवर विष्णूच्या विश्वरूपाचे एक बाजारी चित्र घेऊन देवाच्या मुखाच्या जागी त्याचे व त्याच्या दोन साथीदारांचे चेहरे बसवण्यात आले. स्वतः हेंड्रिक्सला ते रुचले नाही. आपल्या घराण्यातील अमेरिकन आदिवासींच्या वारशाचे सूचक असे काही असावे, अशी त्याची इच्छा होती.

म्हणजे महाजनांची तक्रार नवी नाही. या तरुणांच्या वतीने मात्र एक गोष्ट बोलली पाहिजे. त्यांच्यातील पुष्कळांच्या मनात उपहास नव्हता. बाजाराने जे त्यांना दिले नाही ते शोधण्यास ते निघाले होते. कोणी हृषीकेशला गेले, कोणी आमच्या गोव्याच्या किनाऱ्यावर येऊन राहिले. सॅन फ्रान्सिस्कोतील डिगर्स नावाची मंडळी तर रोज उद्यानात फुकट अन्न वाटीत आणि ज्यात काहीच विकत मिळत नाही असे दुकान चालवीत. पण बाजाराची पचनशक्ती अफाट असते. बंडखोरांची भित्तिपत्रके लवकरच संग्राहकांच्या किमतीची झाली, त्यांचे मणी व झगे दुकानांत लागले, आणि १९६७ च्या ऑक्टोबरातच डिगर्सनी एक शवपेटी मिरवून हिप्पीचा अंत्यविधी केला. आपली प्रतिमा आपल्या हाती राहिली नाही, हे त्यांना आठ-दहा महिन्यांत कळून चुकले होते. परक्यांच्या देवाची प्रतिमा सहज उचलणाऱ्यांच्या स्वतःच्या प्रतिमेची अशी गत व्हावी, यात आम्हांस आनंद वाटत नाही. पण त्यातून शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

प्रतिमा घेणे हेच पाप आहे काय? असे म्हणता येणार नाही. लॉस एंजेलिसमधील कॉरिटा केंट या ख्रिस्ती संन्यासिनीने वॉरहॉलचे डबे पाहिले आणि पावाच्या वेष्टनावरील ठिपके, दुकानातील घोषवाक्ये, रस्त्यावरील फलक घेऊन आपल्या धर्माची छापचित्रे केली. बाजारातील पावात तिला प्रार्थनेतील पाव दिसला. तिच्या आर्चबिशपांना हे पसंत पडले नाही आणि १९६८ साली तिने संघ सोडला. पण तिची चित्रे पाहताना कोणाचा अधिक्षेप झाल्यासारखे वाटत नाही. आमच्याकडे सावता महाराजांना भाजीच्या मळ्यातच पंढरी दिसली, ती याच जातीची दृष्टी. खालची वस्तू वर नेणाऱ्याला कोणी अडवीत नाही. वॉरहॉलचेही तेच काही अंशी खरे असावे: पिट्सबर्गच्या ज्या पूर्वपंथी चर्चमध्ये तो लहानपणी आईबरोबर बसे तेथे संतांच्या चित्रांची भिंत होती, ओळीने मांडलेली. पुढे त्याने सोनेरी पार्श्वभूमीवर मेरिलिन मन्रो काढली. त्याची चूक, चूक म्हणायची असेल तर, वर नेण्याची नव्हे. ती दुसरीकडे होती.

ब्रिलोचे खोके मुळात आखले होते जेम्स हार्वे याने. हा हार्वे स्वतः अमूर्त शैलीचा चित्रकार होता; पोटासाठी तो वेष्टनांची कामे करी. त्याच्याच खोक्यांची नक्कल कलादालनात गेली, त्याची कला मात्र गेली नाही. १९६५ साली तो वारला. पॅट्रिशिया कॉलफिल्ड हिच्या फुलांच्या छायाचित्रावरून वॉरहॉलने १९६४ साली आपली प्रसिद्ध फुले केली. तिने १९६६ मध्ये दावा लावला व तो आपसांत मिटला. आणि लिन गोल्डस्मिथ हिने १९८१ साली काढलेल्या एका गायकाच्या छायाचित्राचा वाद तर वॉरहॉलच्या मृत्यूनंतर छत्तीस वर्षांनी, १८ मे २०२३ रोजी, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाला. एका मासिकाने तिला १९८४ साली एका वापरासाठी ४०० डॉलर दिले होते. वॉरहॉलने त्यावरून अनेक चित्रे केली आणि २०१६ साली त्यांतील एकाच्या वापराबद्दल त्याच्या प्रतिष्ठानाला १०,००० डॉलर मिळाले, तिला काहीच नाही. सात विरुद्ध दोन मतांनी न्यायालयाने छायाचित्रकर्तीच्या बाजूने निर्णय दिला. विरोधी मत देणाऱ्या न्यायमूर्ती केगन यांचे म्हणणेही टाकाऊ नव्हते: कला ही नेहमीच आधीच्या कलेतून घेत आली आहे आणि घेण्याचे दार बंद केले तर निर्मितीच खुंटेल. दोन्ही बाजू खऱ्या आहेत. घेतल्यावाचून कोणाचे चालत नाही. पण घेताना विचारणे आणि घेतल्यावर नाव सांगणे कोणालाही अशक्य नसते.

इतके वाचून झाल्यावर आम्ही महाजनांना पुन्हा बोलावले. कायद्याचे चित्र त्यांच्यापुढे मांडले. धार्मिक भावना दुखावण्याचे जे कलम पूर्वी दंडसंहितेत २९५-अ म्हणून होते आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत २९९ म्हणून आहे, त्याला हेतुपुरस्सर व दुष्ट बुद्धी लागते. पोट भरण्यासाठी कपडे विकणाऱ्याच्या ठायी ती सिद्ध करणे कठीण. देव हा व्यक्ती असला तरी आपल्या रूपावर त्याचा छापण्याचा हक्क आहे असे कोणताही कायदा म्हणत नाही. किंबहुना २०१५ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयाने उदबत्तीच्याच एका वादात ठरवले की, 'रामायण' हे नाव कोणा एका व्यापाऱ्याला आपल्या मालाचे चिन्ह म्हणून अडवून ठेवता येणार नाही. जे सर्वांचे आहे ते एकाचे होत नाही. तेव्हा हक्क सांगायचाच असेल तर तो मूळ छायाचित्राचा. ते कोणी काढले?

महाजन एकमेकांकडे पाहू लागले. टी-शर्टावरील चित्र देवस्थाननेच काही वर्षांपूर्वी छापलेल्या दिनदर्शिकेवरून घेतलेले होते. छायाचित्र गावातीलच एका वृद्ध गृहस्थांनी पालखीच्या रात्री काढले होते व प्रेमाने एक प्रत कार्यालयात लावायला दिली होती. दिनदर्शिकेवर छापताना त्यांना कोणी विचारले नव्हते; त्यांचे नाव त्यावर नव्हते; वर्गणीदार दुकानदारांची नावे मात्र ठळक होती. मोबदला दिलेला नसल्यामुळे १९५७ च्या कायद्याप्रमाणे हक्क त्या गृहस्थांचाच होता. म्हणजे जो आरोप आम्ही बाजारातील विक्रेत्यावर ठेवणार होतो, तो त्याच्या आधी आमच्यावर येत होता.

त्या शांततेत आमची नजर आमच्याच कचेरीतील कपाटामागे गेली. तेथे बारा-तेरा वर्षांच्या जुन्या दिनदर्शिका उभ्या करून ठेवल्या आहेत. प्रत्येकीवर देव आहे, म्हणून कचऱ्यात टाकवत नाहीत. आणि त्यांना ओवाळण्याचेही कधी मनात आले नाही. लग्नपत्रिकेवरील गणपती, मिठाईच्या पेटीवरील लक्ष्मी, उदबत्तीच्या पुड्यावरील शंकर यांचेही असेच होते. ते शेवटी गावाबाहेरच्या वडाखाली पावसात भिजत पडतात, आणि आपण पाहून न पाहिल्यासारखे करतो. परक्याने देवाला सदऱ्यावर छापले याचा राग यावा आणि आपण त्याला पुड्यावर छापून चिखलात टाकावे याची खंतही वाटू नये, हे न्यायाचे नव्हे.

आमच्या मते या प्रश्नाचे उत्तर आपल्या पूजाविधीतच आहे, फक्त आपण ते बाजारापर्यंत नेले नाही. पूजेला आरंभ आहे तसा शेवट आहे. आवाहन केले की विसर्जन करावे लागते. चतुर्थीचा गणपती मातीचा देव होतो आणि मानाने पुन्हा माती होतो; मधल्या काळात त्याच्याशी जे नाते जोडले त्याचा निरोप घेतल्याशिवाय आपण पाठ फिरवीत नाही. वाहिलेले फूल देव नव्हे आणि केरही नव्हे. त्याला निर्माल्य हे तिसरे नाव आहे, आणि ते पायदळी येऊ नये एवढे कर्तव्य त्याच्यामागे आहे. विश्वरूपाचेही तसेच. अर्जुनाला ते पाहण्यासाठी दिव्य दृष्टी द्यावी लागली, आणि पाहिल्यावर तो इतका व्याकुळ झाला की ते आवरावे अशी त्याने विनंती केली. ज्याला आवरण्याची गरज वाटत नाही त्याने विश्वरूप पाहिलेले नाही. त्याने फक्त रंग पाहिले. बाजार बोलावतो, पण निरोप देत नाही. त्याचा दोष अपवित्रतेचा असण्यापेक्षा या अपुरेपणाचा अधिक आहे, आणि तो दोष न्यूयॉर्क, लंडन व आमचे गाव यांत सारखाच आहे.

म्हणून प्रतिमा घेणाऱ्यावर तीन ऋणे आहेत असे आम्ही समजतो: घेण्यापूर्वी विचारावे, घेतल्यावर ज्याचे त्याचे नाव सांगावे, आणि काम झाल्यावर तिला मानाने पोहोचवावे. ही ऋणे कलावंतावर आहेत, व्यापाऱ्यावर आहेत आणि देवस्थानावरही आहेत. न्यायालय यांपैकी पहिली दोन कधीकधी वसूल करून देते. तिसरे वसूल करणारे न्यायालय अजून कोठे स्थापन झालेले नाही.

नोटीस आम्ही दिली नाही. विक्रेत्याला एक साधे पत्र लिहिले: हे रूप कोणाचे, गाव त्याला काय मानते, आणि ते अंगावर घालून बसण्या-लोळण्याच्या वस्त्रावर का नको. त्याचे उत्तर आले नाही. महाजन त्या वृद्ध छायाचित्रकारांच्या घरी नारळ घेऊन गेले. यंदाच्या दिनदर्शिकेवर खालच्या कोपऱ्यात त्यांचे नाव आहे, आणि मागच्या पानावर एक ओळ आहे: वर्ष संपल्यावर ही दिनदर्शिका देवळात परत आणून द्यावी. आमच्या कपाटामागचा गठ्ठा आम्ही पहिल्याच दिवशी नेऊन दिला.